रूप घोणशीचे, कूळ निराळे

सिंधुदुर्गातील शेतकऱ्याला साप नवा नाही. सड्यावर गवत कापताना, गडग्याचे दगड हलवताना, काजूच्या बागेत बी वेचताना, भाताची उडवी मोडताना कुठे ना कुठे त्याची गाठ पडतेच. त्यामुळे आपल्याकडील बहुतेकांना आपण साप बरोबर ओळखतो अशी खात्री असते. ही खात्री किती महाग पडू शकते हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे, आणि त्याची सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करणे योग्य होईल.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन मालवण तालुक्यातील एका गावी काजूची बाग दाखविण्यास गेलो होतो. बी वेचणाऱ्या एका काकींच्या बोटाला पाचोळ्यातील साप चावला. माणसांनी तो मारून काठीवर आणला. जेमतेम दीड वीत लांबी, तपकिरी अंग, पाठीवर फिकट नक्षी आणि मानेपेक्षा रुंद डोके. एक जाणते गृहस्थ म्हणाले, “मांजऱ्याचा पिल्लू ता, काय एक होवचा नाय.” मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी शेतीशास्त्राचा पदव्युत्तर, महाविद्यालयात शिकविणारा. मला भाताच्या जाती ओळखता येतात, साप ओळखता येत नव्हते. तरीही मी मान डोलावली. काकींच्या बोटाला पाला वाटून लावला गेला व त्या घरी गेल्या. पहाटे त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी त्यांचे रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे ठेवले. ते गोठले नाही. प्रतिसर्पविष दिल्यानंतर काही दिवसांनी त्या बऱ्या होऊन घरी परतल्या. टाकून दिलेला साप विद्यार्थ्यांनी दुसऱ्या दिवशी शोधून आणला. अंगावरून बोट फिरवताच खवले कानसीसारखे खरखरीत लागले. ते फुरसे होते. त्या वाचल्या हे खरे, पण आयुष्य पणाला लागलेले तेवढे तास वाया गेले, आणि त्यात माझ्या मान डोलावण्याचा वाटा होता.

दोन निवडुंगांचा दाखला

एकासारखा दुसरा प्राणी का दिसतो हे समजण्यासाठी आधी आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग या दोन्ही वनस्पतींना आपण निवडुंगच म्हणतो. दोन्ही मांसल, दोन्ही काटेरी, दोन्ही कुंपणाला लावण्याजोग्या. परंतु फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतील, कॅक्टस कुळातील. तर त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातील आहे. पाण्याच्या टंचाईत तग धरण्यासाठी दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी सारखेच रूप घेतले. फरक कळतो तो कापल्यावर. फड्यातून बुळबुळीत पाणी निघते, तर त्रिधारीतून पांढरा चीक निघतो, जो डोळ्यात गेल्यास डोळ्याला इजा करतो. थोडक्यात, रूप ठरते राहणीमानावरून आणि चीक ठरतो कुळावरून.

सापांचेही असेच आहे. सापाची ठेवण तो कसा राहतो व भक्ष्य कसे पकडतो यावरून घडते. त्याचे विष मात्र बहुतांशी कुळाप्रमाणे असते.

याचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथे सापडते. तेथे घोणशीच्या कुळातील एकही साप नाही. पाचोळ्यात निश्चल पडून राहायचे व भक्ष्य जवळ येताच झडप घालायची हा घोणशीचा धंदा तेथे दुसऱ्याच एका सापाने उचलला आहे. त्यास डेथ अ‍ॅडर म्हणतात. आखूड, जाड अंग, त्रिकोणी डोके, डोळ्याची उभी बाहुली, पाचोळ्यात मिसळून जाणारा रंग. आपल्याकडील कोणीही त्यास घोणशीचा भाऊबंद म्हणेल. शेपटीचे टोक अळीसारखे वळवळवून तो सरड्यांना जवळ बोलावतो. परंतु त्याचे कूळ नागाचे व मण्यारीचे आहे. त्याच्या दंशाने रक्त वाहत नाही. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. घोणशीचा दंश समजून त्याकडे पाहणारा फसेल.

आपल्या बागेतील सारखे दिसणारे साप

डेथ अ‍ॅडर आपल्याकडे नाही. पण घोणशीच्या कुळाचे रूप घेतलेले दुसऱ्या कुळांतील साप आपल्या जिल्ह्यात आहेत. प्रथम खरे कूळ कोणते ते पाहू.

घोणस कुळात आपल्याकडे घोणस व फुरसे हे दोन प्रमुख साप येतात. त्याखेरीज आंबोलीसारख्या घाटभागात व दाट झाडीत आढळणारे चापडे याच कुळातील होत. यांचे विषदंत लांब असून तोंड मिटल्यावर ते आत मुडपून राहतात. सड्यावरील कातळ, सैल दगड आणि खुरटे गवत ही फुरशाची आवडती जागा असल्याने कोकण किनारपट्टीत ते विपुल आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात १९८१ पर्यंत मालवण तालुकाही मोडत असे, इंग्रज सरकारने फुरसे मारण्यासाठी बक्षीस ठेवले होते आणि लोकांनी ती लाखांच्या संख्येने मारून आणली. फुरसे मात्र आजही आपल्या सड्यावर आहे. मारून हा प्रश्न सुटत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

आता त्यांच्यासारखे दिसणारे साप पाहू.

१) मांजऱ्या : हा फुरशासारखा दिसतो. याचेही डोके रुंद, मान बारीक, डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी आणि पाठीवर फिकट नागमोडी नक्षी. डिवचल्यास तो अंगाची वेटोळी करून शेपटी थरथरवतो व फुरशाप्रमाणेच झेप घेतो. परंतु तो धामणीच्या मोठ्या कुळातील, निमविषारी साप आहे. त्याचे विषदंत जबड्यात मागे असतात व त्याच्या विषाने माणसाच्या जिवास सहसा धोका होत नाही. अंग सडपातळ, शेपटी लांब व निमुळती, खवले गुळगुळीत. फुरशाचे अंग आखूड व खवले खरखरीत असून कुशीवरचे करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून ते करकर असा आवाज काढते.

२) दुरक्या घोणस : नावात घोणस असली तरी हा बिनविषारी साप असून मांडुळाचा जवळचा नातलग आहे. जाड अंग व पाठीवरील तपकिरी डाग यांमुळे तो घोणशीसारखा दिसतो. याचे डाग वेडेवाकडे व एकमेकांत मिसळलेले असतात, डोके मानेपासून फारसे वेगळे दिसत नाही आणि शेपटी एकदम आखूड असते. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडेच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी साखळीसारख्या असतात आणि ती कुकरच्या शिट्टीप्रमाणे मोठ्याने व दीर्घ फुत्कार टाकते.

३) अजगराचे पिल्लू : हेही घोणस समजून मारले जाते. याउलट घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात लावण्याचे प्रकारही घडतात आणि ते जिवावर बेततात.

४) खाडीतील पाणसाप : खाडीच्या चिखलात व खारफुटीत कुत्र्यासारख्या तोंडाचा एक जाडसर, खरखरीत खवल्यांचा साप असतो. जाळ्यात आल्यावर काही जण त्यास पाण्यातील घोणस समजतात. त्याचे कूळ निराळे असून विष सौम्य आहे व ते माशांपुरते कामाचे असते. परंतु समुद्रात व खाडीच्या मुखाशी जाळ्यात येणारे, चपट्या वल्ह्यासारख्या शेपटीचे समुद्रसाप नागाच्या कुळातील असून अतिशय विषारी आहेत. मासेमारी करणाऱ्या बंधूंनी या दोहोंत गल्लत करू नये व जाळ्यातील कोणताही साप हाताने सोडवू नये.

वरील खुणा कोणत्या कामाच्या, कोणत्या नाहीत

या खुणा वाचून आपल्याला साप ओळखता येऊ लागले असे वाटणे साहजिक आहे. म्हणूनच येथे सावध करावेसे वाटते. या खुणा दूरवरून, उजेडात, शांतपणे पाहण्यासाठी आहेत. दंशानंतरच्या धावपळीत, ठेचलेल्या सापाच्या खवल्यांवरून निदान करण्यासाठी त्या नाहीत. सापाची पिल्ले, पावसात भिजून काळवंडलेला साप, कात टाकण्याच्या बेतातील धुरकट साप यांत जाणकारही फसतात.

‘त्रिकोणी डोके तो विषारी, निमुळते डोके तो बिनविषारी’ हा नियम आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. हा नियम मनातून काढून टाकावा. मांजऱ्याचे डोके त्रिकोणी आहे, पण तो मारक नाही. नाग व मण्यार यांचे डोके मानेपासून फारसे वेगळे दिसत नाही, डोळ्याची बाहुलीही गोल असते, आणि तरी ते भारतातील सर्वांत विषारी सापांपैकी आहेत. मण्यार तर बिनविषारी कवड्या समजून अनेकदा दुर्लक्षिली जाते. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे मानेजवळ पुसट किंवा नसल्यासारखे असून शेपटीकडे ठळक होतात. अंधाऱ्या पडवीत हा फरक कोण पाहणार?

कुळाप्रमाणे दंशाची लक्षणे

घोणस व फुरसे यांच्या दंशाच्या जागी वेदना होतात व सूज चढत जाते. विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्या, नाक, लघवी अथवा जुनी जखम यांतून रक्त येऊ लागते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. लघवी कमी होणे हे त्याचे लक्षण होय. फुरशाच्या दंशात रक्तस्राव कधी कधी कित्येक तासांनी दिसतो. म्हणून ‘चार तास झाले, काही झाले नाही’ असे म्हणून निश्चिंत होऊ नये.

नाग व मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होतात, दोन दोन दिसते, बोलणे व गिळणे जड जाते, पुढे श्वास मंदावतो. नागाच्या दंशाजागी सूज येते व मांस सडू शकते. मण्यारीच्या दंशाची मात्र खूण दिसेलच असे नाही. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते व वेदनाही फारशी होत नाही. पहाटे पोटात दुखू लागते आणि अपचन समजून ओवा दिला जातो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अचानक दुखू लागले व पापण्या मिटू लागल्या, तर मण्यारीचा संशय घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

भारतातील प्रतिसर्पविष हे नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर एकत्रितपणे चालणारे असते. या विषांच्या मात्रा घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तापासून ते तयार केले जाते. म्हणजे या चारांपैकी नेमका कोणता साप चावला हे ठाऊक नसले तरी औषध तेच आहे. चापडे व समुद्रसाप यांचे विष त्यात समाविष्ट नाही. तेथे डॉक्टर लक्षणांनुसार उपचार करतात. नाग-मण्यारीच्या दंशात औषधाबरोबर कृत्रिम श्वासाची गरज भासू शकते.

डॉक्टर औषधाचा निर्णय रुग्णाची लक्षणे पाहून व २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवरून घेतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात व नंतर कलंडवून पाहतात. रक्त पातळच राहिले तर विष रक्तात भिनले आहे असे समजतात. काकींच्या बाबतीत सत्य सांगितले ते या नळीने. त्यासाठी मेलेल्या सापाची गरज पडली नाही. म्हणून साप शोधण्यात व मारण्यात वेळ घालवू नये. मारलेल्या सापाचे डोकेही काही काळ चावा घेऊ शकते. दूरवरून मोबाइलने छायाचित्र सहज मिळाले तर डॉक्टरांना दाखवावे, एवढेच पुरे.

दंश झाल्यास काय करावे

१) रुग्णास धीर द्यावा. धावू किंवा चालू देऊ नये.
२) अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे.
३) दंश झालेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर बांधतात त्याप्रमाणे, बांबूची कांब अथवा फळी लावून सैल कापडाने स्थिर करावा.
४) दंशाची वेळ लक्षात ठेवावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास उशीर लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे.
५) जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. तेथून गरजेप्रमाणे कणकवली, सावंतवाडी किंवा ओरोस येथे पाठविले जाते. वाटेतच फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध असल्याची खात्री करावी.
६) लक्षणे नसली तरी २४ तास रुग्णालयाच्या देखरेखीखाली राहावे.

करू नये ते असे : दोरीने आवळून बांधणे, जखम कापणे, रक्त चोखणे, बर्फ किंवा पाला लावणे, दारू पाजणे, वेदनाशामक गोळी स्वतःहून देणे. ऑस्ट्रेलियात डेथ अ‍ॅडरसारख्या सापाच्या दंशावर संपूर्ण अवयवास दाबून पट्टी बांधतात, असे काहींच्या वाचनात आले असेल. तेथील साप नाग कुळातील आहेत. घोणस-फुरशाच्या दंशात अशी घट्ट पट्टी त्या भागातील मांसास अधिक इजा करू शकते, म्हणून आपण ती बांधू नये. एका कुळाचा इलाज दुसऱ्या कुळास लावता येत नाही, तो असा.

गावातील मांत्रिक किंवा वैदू यांच्याकडे नेलेले काही रुग्ण बरे होतात हे खरे आहे. त्यांना चावलेला साप मांजऱ्या, कवड्या किंवा दिवड असतो, अथवा विषारी सापाने विष सोडलेले नसते. ते यश मंत्राचे समजून फुरशाचा रुग्ण तेथे नेणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

हंगामानुसार घ्यावयाची काळजी

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील आहेत आणि बहुतेक ग्रामीण भागातील आहेत. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. परंतु दंश टाळणे हे शेवटी आपल्याच हाती आहे.

फेब्रुवारी ते मे : काजूचे बी वेचताना हात थेट पाचोळ्यात घालू नये. आधी काठीने पाचोळा हलवावा किंवा बी दाताळ्याने ओढून घ्यावे. ओलावा टिकविण्यासाठी झाडाच्या आळ्यातील पाचोळ्याचे आच्छादन आवश्यकच आहे, ते काढू नये. बी पडण्यापूर्वी मात्र झाडाखालील बाकीची जागा साफ करून घेतल्यास बी लवकर दिसते व हातही सुरक्षित राहतो.

जून ते सप्टेंबर : लावणी व बेणणीच्या वेळी बांधावरून चालताना गमबूट घालावेत. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये. जमिनीवर झोपणे टाळावे; झोपावेच लागले तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. मण्यारीपासून संरक्षणाचा याहून स्वस्त उपाय नाही.

ऑक्टोबर ते जानेवारी : भातकापणीत व सड्यावरील गवतकापणीत घोणस व फुरसे यांचा धोका अधिक असतो. कापणीपूर्वी बांबूने गवत झोडपत पुढे सरकावे. पेंढ्या उचलताना हात खाली घालण्यापूर्वी त्या कोयत्याच्या टोकाने उलटाव्यात. गडग्याची दुरुस्ती करताना दगड आपल्याकडे न ओढता पलीकडे ढकलावा.

मांगरात व घराभोवती धान्य सांडलेले राहू देऊ नये. धान्यापाठी उंदीर येतात आणि उंदरांपाठी घोणस व नाग. जळाऊ लाकडे, चिरे व पेंढा घरापासून लांब रचावा.

साप आढळल्यास मारू नये. भाताचे नुकसान करणाऱ्या उंदरांवर धामण, घोणस व नाग यांची उपजीविका चालते. मांजऱ्या पाली व सरडे खाऊन राहतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार साप मारणे हा गुन्हाही आहे. वन विभागास किंवा प्रशिक्षित सर्पमित्रास कळवावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, साप ओळखण्याचा अभ्यास जरूर करावा. शेतकऱ्यास आपल्या शिवारातील प्रत्येक जीव ठाऊक असावा. पण त्या ज्ञानाचा उपयोग सापापासून चार हात दूर राहण्यासाठी व्हावा. दंश झाल्यावर मात्र ‘मांजऱ्याच असेल’ हे वाक्य कोणी उच्चारले, तर माझ्यासारखी मान डोलावू नका. साप कोणता हे ठरविण्याचे काम त्या काचेच्या नळीवर सोपवा आणि वाहन काढा.